संकेतयंत्रे कोणाच्या मालकीची?

संदेशांच्या गुप्ततेचा प्रश्न केवळ तंत्रज्ञांवर सोपवून चालणार नाही. क्रिप्टो एजी या स्विस कंपनीचेच उदाहरण घ्या. 'तटस्थ' देशातील ही कंपनी गुप्तलेखनाची यंत्रे शंभराहून अधिक देशांच्या सरकारांना विकत असे. भारतही तिच्या गिऱ्हाइकांत होता. १९७० साली सीआयए आणि पश्चिम जर्मनीच्या गुप्तहेर खात्याने ती गुपचूप विकत घेतली. यंत्रांच्या रचनेतच अशी खोट ठेवली जाई की, संदेशांचा उलगडा या मालकांना करता यावा. १९८२ च्या फॉकलंड युद्धात अर्जेंटिनाची गुपिते याच वाटेने फुटली. सोव्हिएत युनियन व चीन यांनी ही यंत्रे कधीच घेतली नाहीत. जर्मनी १९९३ मध्ये बाहेर पडली, सीआयए २०१८ पर्यंत राहिली. २०२० साली वृत्तपत्रांनी हे सारे चव्हाट्यावर आणले.

भुर्दंड मात्र पगारी नोकराला! १९९२ साली इराणने हान्स ब्यूलर या विक्रेत्याला हेर समजून नऊ महिने डांबले. बिचाऱ्याला कशाचाच पत्ता नव्हता. कंपनीने दहा लाख डॉलर भरून त्याला सोडवले, नोकरीवरून काढले आणि वर तीच रक्कम त्याच्याकडे मागितली.

यंत्र शत्रूच्या हाती पडले तरी किल्ली गुप्त असेतो संदेश सुरक्षित राहिला पाहिजे, असे केर्कहॉफ्स याने १८८३ मध्येच लिहिले होते. आज सिग्नलची आज्ञावली कोणालाही तपासता येते. व्हॉट्सॲप संदेश सांकेतिक करण्याची तीच पद्धत वापरते, पण त्याची स्वतःची आज्ञावली बंद आहे. या फरकावर आता चर्चा करू.