संगणक बंद पडतो तेव्हां

शुक्रवार, ता. १९ जुलै २०२४ रोजीं भारतांतील कांहीं विमानतळांवर एक विलक्षण देखावा दिसला. विमानें जागेवर होतीं, वैमानिक होते, प्रवासीही वेळेवर आले होते. परंतु खिडकीपलीकडील कर्मचारी प्रवाशांचे बोर्डिंग पास हातानें लिहून देत होते. त्यांच्या शेजारचे संगणक मुके झाले होते. यंत्र सुरू करावें, त्यानें क्षणभर डोळे उघडावे आणि निळा पडदा दाखवून पुन्हां कोसळावें, असा क्रम एकसारखा चालला होता. तोच प्रकार त्या दिवशीं अमेरिकेंत, युरोपांत आणि ऑस्ट्रेलियांतही घडला. बँका, रुग्णालयें व दूरचित्रवाणी केंद्रें यांची कामें खोळंबलीं. मायक्रोसॉफ्टच्या अंदाजाप्रमाणें सुमारें ८५ लक्ष यंत्रें बंद पडलीं. विंडोजवर चालणाऱ्या एकंदर यंत्रांच्या मानानें ही संख्या शेंकडा एकाहूनही कमी होती; तेवढ्यानेंही जगाचा व्यवहार अडला.

प्रथम अनेकांस हा शत्रूचा हल्ला वाटला. तो तसा नव्हता. क्राउडस्ट्राईक नांवाच्या अमेरिकन कंपनीचें एक संरक्षक सॉफ्टवेअर या सर्व यंत्रांवर होतें. भारतीय वेळेप्रमाणें सकाळीं ९ वाजून ३९ मिनिटांनीं त्या कंपनीनें त्यासाठीं एक लहानसें अपडेट पाठविलें. यंत्रावरील प्रोग्रॅमची रचना वीस रकाने वाचण्याची होती. नव्या अपडेटनें त्याच्याकडून एकविसावा वाचण्याची अपेक्षा केली. नसलेला रकाना वाचूं जातां प्रोग्रॅमनें स्मृतींतील परक्या जागेंत हात घातला. साध्या प्रोग्रॅमनें अशी चूक केली असती, तर तो एकटा बंद झाला असता. परंतु हा प्रोग्रॅम कर्नलमध्यें, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टीमच्या गाभाऱ्यांत बसलेला होता. तेथें गफलत झाली कीं, अधिक नासाडी होऊं नये म्हणून सिस्टीम आपण होऊन सर्व काम थांबविते. निळा पडदा म्हणजे तेंच थांबणें होय.

कंपनीनें ७८ मिनिटांत तें अपडेट मागें घेतलें; पण जीं यंत्रें कोसळलीं होतीं त्यांपैकीं बहुतेकांना त्याचा उपयोग नव्हता. दुरुस्ती स्वीकारण्याइतका वेळही तीं जागीं राहत नव्हतीं. अखेर माणसांस एकेका यंत्रापुढें जाऊन बसावें लागलें. यंत्र सेफ मोडमध्यें सुरू करावयाचें, ती एक फाईल काढून टाकावयाची आणि यंत्र पुन्हां चालू करावयाचें, एवढाच उपाय होता. एवढ्या मोठ्या संकटांतही त्यासाठीं यंत्रावरील मजकूर पुसण्याची गरज नव्हती. शेवटचा जो बदल झाला, तेवढाच उलटा फिरवावयाचा होता.

घरगुती संगणकाच्या बाबतींतही बव्हंशीं हेंच खरें आहे. रात्रीं ऑपरेटिंग सिस्टीमचें अपडेट चढतें आणि सकाळीं निळा किंवा काळा पडदा समोर उभा राहतो. गृहस्थ घाबरतो. कोणी तरी शेजारी सांगतो, "सगळें पुसून नव्यानें घाला." तसें केल्यास यंत्र बहुधा सुरू होतें, पण लग्नाचीं छायाचित्रें, मुलीचा अर्धा लिहिलेला प्रबंध, दहा वर्षांचा जमाखर्च हीं त्याबरोबर जातात. पायांत काटा रुतला म्हणून पाय कापण्यासारखाच हा प्रकार होय.

म्हणून अशा वेळीं पहिला प्रश्न असावा तो हा कीं, काल यंत्र चालत होतें, मग त्यानंतर काय बदललें? पडद्यावर जो संकेत किंवा फाईलचें नांव दिसतें त्याचें फोननें छायाचित्र घ्यावें. नव्यानें जोडलेलीं उपकरणें काढून ठेवावीं. विंडोज लागोपाठ सुरू होऊं शकलें नाहीं, तर दुरुस्तीचा पडदा आपोआप पुढें येतो. तेथील प्रगत पर्यायांत शेवटचें अपडेट काढून टाकण्याची सोय आहे. दरमहा येणारें लहान अपडेट आणि सिस्टीमची नवी आवृत्ती आणणारें मोठें अपडेट, यांसाठीं तेथें दोन निरनिराळे पर्याय असतात. जें नुकतें आलें तेंच काढावें. मोठ्या अपडेटनंतर मागें फिरण्याची मुदत सामान्यतः दहाच दिवसांची असते, हें ध्यानांत ठेवावें.

यानेंही काम न झाल्यास सेफ मोडचा मार्ग आहे. या अवस्थेंत विंडोज केवळ अत्यावश्यक ड्रायव्हर घेऊन उभें राहतें. यंत्र येथें स्थिर राहिलें, तर दोष बहुधा वरून घातलेल्या एखाद्या ड्रायव्हरचा अथवा प्रोग्रॅमचा असतो. तें येथेंही कोसळलें, तर स्मृतीची पट्टी किंवा डिस्क यांवर संशय घ्यावा. कावळा बसावा आणि फांदी मोडावी, असेंही होतें; कुरकुरणारी डिस्क नेमकी अपडेटच्या रात्रीं दगा देते आणि दोष मात्र अपडेटच्या माथीं येतो. अशा डिस्कवर प्रयोग करण्यापूर्वीं तिच्यावरील कागदपत्रें दुसरीकडे उतरवून घ्यावीं. एका वेळीं एकच बदल करावा, हाही नियम पाळणें बरें. तीन औषधें एकदम दिलीं, तर गुण कशानें आला हें वैद्यालाही सांगतां येत नाहीं.

यांपैकीं कांहीं तयारी मात्र बिघाडापूर्वींच करावी लागते. आजकाल पुष्कळ यंत्रांवरील डिस्क बिटलॉकरनें कुलूपबंद असते. दुरुस्तीच्या वेळीं ती उघडण्यास ४८ अंकांची किल्ली लागूं शकते. जुलै २०२४ मध्यें याच किल्लीपायीं अनेक कार्यालयांतील दुरुस्ती लांबली. ही किल्ली त्याच संगणकावर लिहून ठेवणें म्हणजे कपाटाची चावी कपाटांतच ठेवून दार ओढून घेणें होय. ती कागदावर उतरून घरांत जपून ठेवावी.

दुसरी तयारी नकलेची. ऑक्टोबर २०१८ मध्यें विंडोज १० चें मोठें अपडेट बाहेर पडलें आणि कांहीं लोकांच्या संगणकांवरून त्यांच्या स्वतःच्या फाईली नाहींशा झाल्या. मायक्रोसॉफ्टनें चारच दिवसांत त्याचें वाटप थांबविलें व नोव्हेंबरांत तें सुधारून पुन्हां आणलें. परंतु ज्यांच्यापाशीं दुसऱ्या डिस्कवर नक्कल होती त्यांनाच निश्चिंत झोप लागली असेल. त्याच यंत्रावरील दुसऱ्या फोल्डरांत ठेवलेली प्रत ही नक्कल नव्हे.

इतकें ऐकून कोणी म्हणेल, मग अपडेटच नको. हा उपाय रोगाहून वाईट आहे. वॉनाक्राय हा खंडणीखोर प्रोग्रॅम १२ मे २०१७ रोजीं जगभर पसरला, तेव्हां ब्रिटनमधील सरकारी रुग्णालयांना रुग्ण परत पाठवावे लागले. तो ज्या फटींतून शिरला ती बुजविणारें अपडेट मायक्रोसॉफ्टनें दोन महिने आधीं, मार्चमध्येंच दिलें होतें. ज्यांनीं तें चढविलें नव्हतें त्यांचीं दारें उघडीं राहिलीं. म्हणून बिघडलेलें अपडेट काढल्यावर कायमचें स्वस्थ बसूं नये. सुधारलेलें अपडेट येतांच तें घ्यावें.

विमानतळांवर आणि रुग्णालयांत ज्यांनीं तीं यंत्रें पुन्हां उभीं केलीं, त्यांच्यापुढें शेंकडों पडदे होते आणि पाठीमागें खोळंबलेले लोक होते. तरीही त्यांस एकेक यंत्र घेऊन, एकेक पायरी चढूनच जावें लागलें. घरांतील गृहस्थापुढें यंत्र एकच असतें. कागदावर किल्ली आणि कपाटांत नक्कल असली, तर त्याला घाई करण्याचें कांहींच कारण नाहीं.