दिलासा स्वतःलाही हवा

‘तुम्ही काय करता?’ असं विचारलं की बऱ्याच गृहिणी म्हणतात, ‘काही नाही, घरीच असते.’ पहाटेचं पाणी, डबे, सासूबाईंची औषधं, मुलांचा अभ्यास, रात्रीची भांडी, हे सगळं त्या ‘काही नाही’मध्ये मावतं! घरच्यांनी दिलेलं हे माप हळूहळू ती स्वतःलाही लावू लागते. भाजी खारट झाली तरी मन म्हणतं, ‘तुला एवढंही जमत नाही.’

बिडकीनसारख्या गावात याला आणखी एक पदर आहे. पैठण रस्त्यावरच्या या भागातल्या शेतजमिनी औद्योगिक वसाहतीसाठी संपादित झाल्या. मोबदल्याची चर्चा खूप झाली. पण वावर जातं, तेव्हा बाईची खुरपणीतली सोबतही जाते. बांधावर मोकळं होणारं मन चार भिंतींत कोंडतं.

दोन आठवडे किंवा त्याहून जास्त काळ उदास वाटणं, कशातच रस नसणं, झोप-भूक बिघडणं, आपण कुचकामी आहोत असं वाटत राहणं, ही नैराश्याची लक्षणं आहेत. कधी ती अंगदुखी, थकवा अशा तक्रारींआड लपतात. हा आजार आहे, नाटक नव्हे.

इंग्लंडमधले मानसशास्त्रज्ञ पॉल गिल्बर्ट यांना उपचार करताना एक गोष्ट जाणवली. ‘दोष माझा नाही’ हे रुग्णाच्या बुद्धीला पटायचं, पण मनातला आवाज रागावलेलाच राहायचा. शब्द बदलले, सूर बदलला नाही. यातून करुणेवर आधारलेली उपचारपद्धती आकाराला आली. गिल्बर्ट मनाच्या तीन यंत्रणा सांगतात. एक धोका ओळखते, दुसरी धाव घ्यायला लावते, तिसरी दिलासा देते. सतत टोचून बोलणाऱ्या मनात पहिली जागीच राहते, तिसरी झोपी जाते. तिला जागं करणं, हा या उपचाराचा गाभा. त्याने नैराश्य आणि स्वतःला दोष देण्याची सवय कमी होते, असं अनेक अभ्यासांत दिसलं आहे.

समुपदेशक यासाठी साधे सराव देतात. शांत, संथ श्वास घ्यायचा. मग विचारायचं, ‘माझ्या मैत्रिणीवर हीच वेळ आली असती, तर मी तिला काय म्हटलं असतं?’ तेच, त्याच मायेच्या सुरात स्वतःला सांगायचं किंवा पत्रात लिहायचं. सुरुवातीला हे अवघड जातं, कधी रडू येतं. म्हणून जाणत्या माणसाची सोबत हवी.

‘हे लाड झाले,’ असं कुणी म्हणेल. बिडकीनजवळच्या पैठणच्या नाथांची कथा आठवा. रामेश्वरासाठी आणलेलं गंगेचं पाणी त्यांनी तहानलेल्या गाढवाच्या मुखी घातलं. तहान लागली असेल, तर पाणी पाजायचं; पात्रता विचारायची नाही. मग घरादाराची तहान भागवणाऱ्या बाईनं आपल्या वाट्याचा घोट का नाकारावा?

मात्र सगळा भार तिच्यावरच टाकू नका. नवऱ्यानं, मुलांनी कामं वाटून घ्यावीत. जिथे मारहाण, व्यसन आहे, तिथे तर आधी तिला संरक्षण हवं. नैराश्य तीव्र असेल तर मानसोपचारतज्ज्ञांची औषधं लागतात; ती मनानं बंद करू नयेत. जीव नकोसा वाटत असेल, तर तिला एकटं सोडू नका, लगेच डॉक्टरांकडे न्या. 2022 साली सुरू झालेल्या ‘टेली-मानस’च्या 14416 या क्रमांकावर चोवीस तास मोफत बोलता येतं, मराठीतूनही.

आणि आज रात्री जेवताना तिला एवढंच विचारा, ‘तू कशी आहेस?’ विचारल्यावर थोडं थांबा. उत्तर यायला वेळ लागेल.