पलटणीत गेलेला आमचा वर्गमित्र

(वडगाव येथे झालेल्या शोकसभेत वर्गमित्रांच्या वतीने केलेल्या भाषणाचा मजकूर. घरच्या मंडळींच्या इच्छेनुसार दिवंगत मित्राचे नाव छापलेले नाही.)



आज आम्ही त्याचे वर्गमित्र म्हणून आपल्यासमोर उभे आहोत. एकाच बाकावर बसलेली, मंगाईच्या जत्रेत एकत्र फिरलेली आणि भाताच्या शिवारात चिखल तुडवलेली आम्ही मुले. आता सगळेच पंचाहत्तरीच्या आसपास आलो आहोत. वर्गातली हजेरी दरवर्षी कमी होते आहे. यंदा आमच्यातला एकुलता एक फौजी गेला.

आमच्या वर्गातल्या बहुतेकांनी घरचा माग धरला, काहींनी शेती, दोघे-तिघे नोकरीला लागले. त्याने १९६९ साली पलटणीचा रस्ता धरला. वडगावच्या पोराला त्यासाठी लांब जावे लागत नव्हते. मराठा लाइट इन्फंट्रीचे प्रशिक्षण केंद्र १९२२ पासून आपल्या बेळगावातच आहे. सायकलवर टांग टाकली की कॅम्प. पण आईच्या दृष्टीने तो कॅम्प काशीइतका दूर होता. भरतीच्या दिवशी ती माउली घरातून बाहेर आली नाही, हे आम्हाला आठवते.

या रेजिमेंटचा इतिहास नव्या पिढीला माहीत असावा म्हणून थोडक्यात सांगतो. तिची पहिली पलटण, म्हणजे 'जंगी पलटण', १७६८ सालची. दुसऱ्या महायुद्धात इटलीच्या आघाडीवर नाईक यशवंत घाडगे यांना १९४४ साली आणि शिपाई नामदेव जाधव यांना १९४५ साली व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. त्यातले घाडगे तिथेच धारातीर्थी पडले. रेजिमेंटचे ब्रीद 'कर्तव्य, मान, साहस' आणि युद्धघोष छत्रपती शिवाजी महाराजांच्या जयजयकाराचा. दरवर्षी ४ फेब्रुवारीला, तानाजी मालुसऱ्यांनी सिंहगड घेतल्याच्या स्मरणार्थ, रेजिमेंटचा दिन साजरा होतो. आमचा मित्र निवृत्तीनंतरही त्या दिवशी इस्त्रीचा कोट घालून, छातीवर पदके लावून घराबाहेर पडे. त्या दिवशी त्याला कुणी बाजाराचे काम सांगत नसे.

तो जंगी पलटणीत होता आणि १९७१ च्या लढाईत पूर्व आघाडीवर गेला. त्या पलटणीचे नेतृत्व तेव्हा लेफ्टनंट कर्नल कुलदीपसिंग ब्रार यांच्याकडे होते. जमालपूरला पाकिस्तानची ३१ बलुच ही पलटण ठाण मांडून बसली होती. आपल्या सैन्याने ब्रह्मपुत्रा ओलांडून तिच्या पाठीमागचा रस्ता अडवला. ब्रिगेडियर हरदेवसिंग क्लेर यांनी शरण येण्याबद्दल चिठ्ठी पाठवली, तर तिकडच्या कमांडरने उत्तराच्या कागदात बंदुकीची गोळी गुंडाळून परत पाठवली. १० डिसेंबरच्या रात्री ते वेढा फोडायला बाहेर पडले आणि आपल्या जवानांच्या माऱ्यात सापडले. ११ तारखेला जमालपूर पडले. त्याच दिवशी टांगाईलजवळ २ पॅरा ही पलटण विमानांतून उतरली. ही २ पॅरासुद्धा मूळची आपली ३ मराठाच! पुंगली पुलाजवळ या दोन्ही पलटणी एकमेकींना भेटल्या. तिथून ढाक्याचा रस्ता मोकळा झाला आणि १६ डिसेंबरला ९३ हजारांची शरणागती झाली.

हा सारा इतिहास आज पुस्तकांत मिळतो. त्याच्याकडून मात्र आम्हाला तो कधी नीटसा ऐकायला मिळाला नाही. कट्ट्यावर कुणी विचारलेच तर तो त्या रात्रीच्या थंडीबद्दल बोले, भिजलेल्या बुटांबद्दल बोले, सकाळी मिळालेल्या चहाबद्दल बोले. शत्रू किती मारले, हे त्याने एकदाही सांगितले नाही. एवढेच म्हणायचा, "सकाळी बघितलं तर ती पण आमच्याच वयाची पोरं होती रे." एवढे बोलून तो गप्प बसे, आणि आम्हीही पुढे विचारत नसू.

बंधूंनो, हे ज्या पत्रकात छापले जाणार आहे ते सीमाभागाच्या प्रश्नाचे पत्रक आहे. म्हणून त्या अंगानेही दोन शब्द बोलणे आमचे कर्तव्य आहे. तो सहा-सात वर्षांचा असताना, १९५६ साली, बेळगाव तेव्हाच्या म्हैसूर राज्यात गेले. १७ जानेवारी १९५६ चे हुतात्मे त्याने पाहिले नाहीत, पण घरात त्यांची नावे ऐकतच तो वाढला. १९८६ साली कन्नडसक्तीविरुद्ध इथे आंदोलन पेटले, गोळीबार झाला, माणसे गेली, तेव्हा तो गणवेशात होता. सैनिकाला राजकीय सभेत जाता येत नाही, मोर्चात चालता येत नाही. हा नियम त्याने तंतोतंत पाळला. सुट्टीवर आला तरी सभेच्या मंडपाकडे फिरकला नाही. काही जणांनी तेव्हा त्याला टोमणेही मारले. त्याने उलट उत्तर दिले नाही.

१९९१ साली तो हवालदार म्हणून निवृत्त झाला. त्या वर्षीच्या १ नोव्हेंबरला, काळ्या दिनाच्या फेरीत, तो आमच्याबरोबर दंडाला काळी फीत बांधून चालला. त्यानंतर अंगात बळ होते तोवर त्याने एकही वर्ष चुकवले नाही. टोमणे मारणाऱ्यांना तेच उत्तर मिळाले.

पण त्याची या प्रश्नाकडे बघण्याची एक रीत होती आणि ती आज मुद्दाम सांगायला हवी. पलटणीत त्याच्या तंबूत कानडी बोलणारे जवानही होते. त्यांच्याकडून तो कानडी शिकला आणि आमच्या सगळ्यांपेक्षा चांगले बोलायचा. तो म्हणे, "भाषेशी भांडण नाही, सक्तीशी आहे." बाजारात, दवाखान्यात तो आपणहून कानडी बोले. सरकारी कचेरीत मात्र मराठीतून अर्ज द्यायचा आणि पोच घेतल्याशिवाय हलायचा नाही. जिथे १५ टक्के किंवा अधिक लोक अल्पसंख्य भाषेचे आहेत तिथे सरकारी सूचना आणि नियम त्यांच्या भाषेतही द्यावेत, हे तत्त्व भाषिक अल्पसंख्याक आयुक्तांच्या अहवालांत वर्षानुवर्षे लिहिलेले आहे. ते त्याला तोंडपाठ होते. महाराष्ट्राने २००४ साली सर्वोच्च न्यायालयात दावा दाखल केला. त्याचा निकाल डोळ्यांनी बघायची त्याची इच्छा होती. ती राहून गेली.

आता त्याच्या खऱ्या कामाविषयी. गेली तीस वर्षे दर रविवारी सकाळी त्याच्या सोप्यावर फौजी घरांतली माणसे येत, त्यात बहुतेक विधवा भगिनी. नवरा गेला, बँकेतले निवृत्तिवेतन थांबले, आणि हातात इंग्रजी-हिंदी कागदांची पिशवी. पलटणीच्या नोंदीत नाव एक, आधारवर दुसरे. जन्मतारीख कुठे जुळत नाही, पत्नीचे नाव सेवापुस्तकात चढलेलेच नाही. एवढ्याशा फरकासाठी महिनोन् महिने पैसे अडकतात. तो ते कागद एकेक करून सरळ लावी, अर्ज लिही, अभिलेख कार्यालयात बरोबर जाई. 'स्पर्श' ही संगणकावरची पद्धत आल्यावर सत्तरी ओलांडलेल्या या माणसाने नातवाकडून तीही शिकून घेतली.

त्याचे शिकवणे साधे होते आणि आजही प्रत्येक माजी सैनिकाने लक्षात ठेवावे असे आहे. आपण जिवंत असतानाच पत्नीचे नाव आणि जन्मतारीख निवृत्तिवेतनाच्या आदेशात बरोबर आहे का ते बघा. बँकेचे खाते दोघांच्या नावावर करा. हयातीचा दाखला वेळेवर द्या. कुटुंब निवृत्तिवेतन हे उपकार नाहीत, हक्क आहे. ते मिळणाऱ्या पत्नीला माजी सैनिकांच्या आरोग्य योजनेचा लाभही चालू राहतो. वयाची ८० वर्षे पूर्ण झाली की त्यात २० टक्क्यांची वाढ मिळते. ही गोष्ट कितीतरी म्हाताऱ्या बायकांना ठाऊकच नसते. तो म्हणे, "शत्रूची गोळी एकदाच लागते, कागदाची चूक दर महिन्याला लागते."

या कामाचा त्याने कधी एक पैसा घेतला नाही. कुणी भाजी, कुणी नव्या भाताचे तांदूळ आणून ठेवी, एवढेच. कानडी घरातली बाई आली तर तिचे कागदही तितक्याच मायेने बघत असे.

मित्रहो, नुसते गुणगान करून आम्ही घरी गेलो तर त्याला ते आवडणार नाही. म्हणून आम्ही वर्गमित्रांनी आपसांत बसून तीन गोष्टी ठरवल्या आहेत. पहिली, रविवारचे काम बंद पडणार नाही. आमच्यातला निवृत्त कारकून आणि दोन तरुण मुले दर रविवारी त्याच सोप्यावर बसतील. वहिनींनी तशी परवानगी दिली आहे. दुसरी, वहिनींचे स्वतःचे कुटुंब निवृत्तिवेतन सुरू होईपर्यंत आमच्यापैकी एक जण प्रत्येक फेरीला त्यांच्याबरोबर जाईल. जो माणूस सगळ्यांचे कागद लावत होता, त्याच्या घरचे कागद अडकून राहता कामा नयेत. तिसरी, वडगाव आणि आसपासच्या गावांतून फौजेत गेलेल्या प्रत्येकाची नोंद मराठीत करायची: नाव, पलटण, वर्षे, लढाया. म्हातारे फौजी बोलायला तयार आहेत तोवरच हे व्हायला हवे. ज्यांच्या घरी जुनी पत्रे, फोटो, पदके असतील त्यांनी ती दाखवावीत, आम्ही घरी येऊन लिहून घेऊ.

सीमाभागातला मराठी माणूस देशाशी कधी भांडलेला नाही. त्याने देशासाठी रक्त दिले आणि आपल्या भाषेसाठी लोकशाहीच्या मार्गाने न्याय मागितला. या दोन गोष्टी एकमेकींच्या आड येत नाहीत, हे ज्याला समजत नसेल त्याने आमच्या या मित्राचे आयुष्य बघावे. बावीस वर्षे तो देशाच्या हुकमाप्रमाणे गप्प राहिला, आणि नंतरची तीस-बत्तीस वर्षे त्याच देशाच्या कायद्याने दिलेला हक्क मागत राहिला.

वहिनी, मुलांनो, तुमच्या दुःखात वडगाव तुमच्या पाठीशी आहे. आम्ही सारे वर्गमित्र त्याला शेवटचा सलाम करतो.

जय हिंद! जय महाराष्ट्र!