मोती खरे की खोटे?

स्वयंपाक चालू असेल तर चालू राहू द्या, फक्त आवाज थोडा वाढवा. आज एक जुनी इंग्रजी गोष्ट घेतली आहे. सॉमरसेट मॉम या लेखकाची 'मिस्टर नो-ऑल'. आपण त्याला 'दीडशहाणे' म्हणू. तुमच्यापैकी काहींनी ती शाळेत वाचलीही असेल. १९३६ सालच्या 'कॉस्मोपॉलिटन्स' या संग्रहात ती आहे.

ही गोष्ट मोत्यांभोवती फिरते, आणि आपण राहतो मोत्यांच्या बेटावर. १९३२ साली इथे तेल सापडलं. त्याआधी बहरीनचं पोट मोत्यांवर चालायचं. इथला मोती मुंबईला जायचा, तिथे विंधून, सर ओवून पुढे जगभर विकला जायचा. मग जपानमध्ये माणसाच्या हातानं वाढवलेले मोती तयार झाले आणि या धंद्याची वाट लागली. आजही बहरीनमध्ये असे मोती विकायला कायद्यानं बंदी आहे. 'खरा की खोटा' हा प्रश्न इथे गमतीचा नाही.

आता गोष्ट ऐका. पहिलं महायुद्ध नुकतंच संपलंय. सॅन फ्रान्सिस्कोहून योकोहामाला निघालेल्या बोटीवर निवेदकाला एका परक्या माणसाबरोबर केबिन वाटून घ्यावी लागते. त्याचं नाव मॅक्स केलाडा. निवेदक त्याला भेटलेलाही नसतो, तरी नाव ऐकूनच त्याचं मन विटतं. केलाडाकडे ब्रिटिश पासपोर्ट आहे, पण चेहरा, बोलणं, हातवारे 'आपल्यातले' वाटत नाहीत. शिवाय माणूस भारी चिकट. सगळ्यांत पुढे, प्रत्येक विषयातलं ह्यालाच कळतं.

एका रात्री जेवताना मोत्यांचा विषय निघतो. केलाडाचा धंदाच तो, जपानच्या मोत्यांची माहिती काढायलाच निघालेला. टेबलावर रॅम्झी नावाचे अमेरिकन अधिकारी आहेत, कोबेच्या वकिलातीतले. त्यांची बायको वर्षभर न्यूयॉर्कला एकटी राहिली होती, तिला घेऊन ते परत निघालेत. तिच्या गळ्यात मोत्यांची माळ. केलाडा म्हणतो, हे अस्सल आहेत, हजारो डॉलरचे. रॅम्झी हसतात. म्हणे, बायकोनं दुकानातून अठरा डॉलरला घेतलेत. शंभर डॉलरची पैज लागते.

केलाडा भिंगातून माळ पाहतो. चेहऱ्यावर विजयाचं हसू येतं. बोलायला तोंड उघडतो, आणि त्याची नजर त्या बाईच्या चेहऱ्यावर जाते. ती पांढरीफटक पडलेली, डोळ्यांत भीती. केलाडा थांबतो. मग म्हणतो, माझी चूक झाली, नक्कल आहे, पण फार चांगली. आणि शंभराची नोट काढून देतो.

बोटभर चर्चा, दीडशहाण्याची जिरली! दुसऱ्या दिवशी सकाळी केबिनच्या दाराखालून एक पाकीट आत सरकतं. आत शंभर डॉलरची नोट. केलाडा पाकिटाचे तुकडे करतो आणि निवेदकाला ते समुद्रात टाकायला सांगतो.

माळ कोणी दिली, हे गोष्टीत कुठेही सांगितलेलं नाही. आपण ओळखायचं.

मंडळी, या गोष्टीत खोटं बोलणारे दोघं. बाई नवऱ्याशी खोटं बोलते, पण केलाडाचे पैसे मात्र बुडू देत नाही. आणि केलाडा खोटं बोलतो ते स्वतःची सगळ्यांत मोठी मिरवायची गोष्ट गमावून. मोत्याचं पाणी ओळखणारा म्हणून त्याचं नाव होतं, तेच त्यानं टेबलावर ठेवलं. गैरसमज मात्र निवेदकाचा, आणि त्याच्यामागून आपलाही. त्यानं नावावरून माणूस जोखला होता.

इथे आपल्यालाही रोज कोणीतरी नावावरून, पासपोर्टवरून जोखतं. आणि खरं सांगायचं तर आपणही जोखतो. टॅक्सीवाला कुठला, शेजारी कुठला, यावरून ठरवूनच टाकतो.

शेवटी केलाडा म्हणतो, माझी अशी बायको असती तर मी तिला वर्षभर दूर ठेवलं नसतं. हे वाक्य आखातात टोचतं. ठरावीक पगाराशिवाय इथे कुटुंबाचा व्हिसा मिळत नाही. कित्येक घरं नाइलाजानं दोन देशांत वाटलेली आहेत, आणि त्यांतली बहुतेक एकमेकांना धरून आहेत. अंतर म्हणजे फसवणूक नव्हे. रॅम्झींकडे पाहा ना, त्या रात्री बायको एकाच टेबलावर होती. तिचा चेहरा त्यांना दिसला नाही, परक्या माणसाला दिसला.

कोणी म्हणेल, नवऱ्याला खरं कळायला नको का? कळायला हवं. पण ते पैजेच्या टेबलावर, चारचौघांत, तिऱ्हाइताच्या तोंडून नव्हे, असं मला वाटतं. तुम्हाला कदाचित वेगळं वाटेल.

आज जेवताना मुलांना ही गोष्ट सांगा आणि विचारा, केलाडाच्या जागी तू काय केलं असतंस? सुट्टीच्या दिवशी मुहर्रकला मोत्यांची जुनी वाटही दाखवून आणा. २०१२ पासून ती जागतिक वारसा यादीत आहे.

पुन्हा भेटू. काळजी घ्या. नमस्कार.