आपत्तीतील धीर आणि विवेक



महापूर, अवर्षण वा भूकंप यांत पडलेल्या घरांचा पंचनामा होतो. मनाच्या पडझडीची नोंद मात्र कोणत्याही कागदावर होत नाही. सर्वस्व गमावलेला माणूस 'आमच्याच वाट्याला हे का?' असा प्रश्न करतो. त्याचे उत्तर तो तहसीलदाराकडे मागत नाही. कीर्तनकाराकडे, मौलवींकडे, भन्तेजींकडे वा धर्मगुरूंकडे मागतो. अशा वेळी त्यांच्या शब्दाने माणूस उभा राहू शकतो, तसाच तो खचूही शकतो.

सन १६३० ते १६३२ या काळात दख्खनमध्ये भीषण दुष्काळ पडला. या दुष्काळात संत तुकारामांची पहिली पत्नी व मुलगा अन्नावाचून गेले आणि व्यापार बुडाला, असे परंपरागत चरित्र सांगते. पुढे तुकोबांनी आपल्या वाट्याची कर्जखते इंद्रायणीत सोडून दिली, असेही परंपरा मानते. स्वतःचे दुःख भोगलेल्या माणसाने इतरांच्या डोईवरचा भार उतरविला, हे या कथेचे मर्म आहे. महाराष्ट्राच्या मनात अध्यात्माचे हेच रूप रुजलेले आहे.

परंतु उपदेशाची दुसरीही बाजू आहे. दिनांक १५ जानेवारी १९३४ रोजी बिहार व नेपाळ भूकंपाने हादरले आणि दहा हजारांहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली. हा भूकंप म्हणजे अस्पृश्यतेच्या पापाबद्दलची ईश्वरी शिक्षा होय, असे महात्मा गांधी म्हणाले. रवींद्रनाथ टागोरांनी यास जाहीर विरोध केला. निसर्गातील घटनांचा संबंध माणसाच्या नीतिअनीतीशी जोडल्यास अविवेक बळावतो, असे त्यांचे म्हणणे होते. गांधीजींनी हा विरोध आपल्या 'हरिजन' पत्रात छापून त्यास उत्तर दिले. मतभेद कायम राहिला; तथापि गांधीजी बिहारमध्ये जाऊन आपद्‌ग्रस्तांत फिरले. त्यांच्या सेवेविषयी दुमत नाही. भूकंपाच्या कारणाविषयी मात्र रवींद्रनाथांचेच म्हणणे शास्त्राला धरून होते.

या वादाचे मोल किल्लारीने पटवून दिले. दिनांक ३० सप्टेंबर १९९३. अनंत चतुर्दशीचे विसर्जन आटोपून गावे निजली होती. पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी धरणी हादरली आणि लातूर व तेव्हाच्या उस्मानाबाद, म्हणजे आजच्या धाराशिव, जिल्ह्यांत हजारो माणसे प्राणास मुकली. नुकतेच गणरायाचे पूजन केलेल्या या लोकांचे कोणते पाप शोधावयाचे? दगडमातीच्या जाड भिंती आणि माळवदाचे ओझे यांखाली माणसे गाडली गेली. दोष भक्तीत नव्हता, बांधणीत होता. भिंतींत आरपार जोडदगड घातले आणि दाराखिडक्यांवरून काँक्रीटचा सलग पट्टा फिरविला, तर तशाच दगडी घराचे बळ पुष्कळ वाढते.

म्हणून आध्यात्मिक मार्गदर्शकाने आपद्‌ग्रस्ताला प्रथम निःशंकपणे सांगावे : 'ही तुमच्या पापाची शिक्षा नव्हे.' त्याला बोलू द्यावे, रडू द्यावे. मृतांचे अंत्यविधी ज्याच्या त्याच्या रीतीने सन्मानपूर्वक होतील, हे पाहावे. भाकिते व अफवा यांना थारा देऊ नये. ज्याची झोप उडाली आहे, जो जीव देण्याची भाषा करतो, त्याला विनाविलंब डॉक्टरांकडे न्यावे. आपत्तीतील मनोसामाजिक आधाराविषयी राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाने २००९ साली मार्गदर्शक सूचना काढल्या, त्यामागेही मन सावरणे हा मदतकार्याचाच भाग आहे, ही जाणीव आहे.

आणि हे काम आपत्तीनंतरच सुरू व्हावे असे नाही. मंदिराच्या वा मशिदीच्या ध्वनिक्षेपकावरून पुराचा इशारा घरोघर पोहोचू शकतो. उंचावरील भक्कम सभामंडप जातपात न पाहता निवाऱ्यासाठी उघडता येतो. सप्ताहातील एखाद्या कीर्तनात सुरक्षित घरबांधणीचा विषय घेता येतो. श्रद्धेने धीर द्यावा, शास्त्राने मार्ग दाखवावा आणि गावाने एकजुटीने त्या मार्गाने चालावे; कोसळलेली गावे पुन्हा उभी राहतात ती अशाच बळावर.