समाज काय सांगतो आणि काय करतो

(तरुण कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात केलेल्या भाषणाचा संपादित मजकूर)



आयोजकांनी मला मानववंशशास्त्रावर बोलायला सांगितलं. माझी पदवी इंजिनिअरिंगची, नोकरी सॉफ्टवेअरची. या विषयाचा मी फक्त वाचक आहे. पण आमच्या धंद्यातली एक सवय इथे उपयोगी पडते. प्रत्येक सॉफ्टवेअरचा एक दस्तऐवज असतो. ते कसं चालायला हवं, हे त्यात लिहिलेलं असतं. आणि एक लॉग असतो, म्हणजे ते प्रत्यक्षात काय करतंय याची नोंद. गडबड झाली की आम्ही आधी लॉग उघडतो. मानववंशशास्त्र आपल्याला समाजाचा लॉग वाचायला शिकवतं.

ही पद्धत रुजवणाऱ्यांत ब्रोनिस्लाव मालिनोव्स्की हे मोठं नाव. १९१५ ते १९१८ या काळात ते न्यू गिनीजवळच्या ट्रोब्रियांड बेटांवर जाऊन राहिले, तिथली भाषा शिकले. तिथे एकाच कुळातल्या स्त्री-पुरुषाचा संबंध म्हणजे महापाप. कुणालाही विचारा, तो कानावर हात ठेवायचा. पण मुक्काम लांबला तसं मालिनोव्स्कींच्या लक्षात आलं की असे संबंध होतात, गावाला माहीतही असतात, आणि त्यांचे दुष्परिणाम टाळायचे मंत्रसुद्धा तयार असतात. नियम खोटा नव्हता. लोक तो मनापासून मानत होते. पण नुसता नियम लिहून घेऊन कुणी परतला असता, तर त्याला तो समाज अर्धाच कळला असता.

आता आपल्या मोहल्ल्यात येऊ. "आपल्यात जातपात नाही," हे वाक्य आपण सगळ्यांनी ऐकलंय. शिकवण म्हणून ते खरंच आहे. मशिदीत सफ एकच असते, दस्तरख्वानही एक. पण घरात मुलीचं स्थळ बघायला लागल्यावर पहिला प्रश्न कोणता येतो? "बिरादरी कोणती?" हा आपला लॉग.

अभ्यासकांनी तो वाचलाय. १९६० साली गौस अन्सारी यांचं उत्तर प्रदेशातल्या मुस्लिम जातींवरचं पुस्तक आलं. १९७३ मध्ये जवाहरलाल नेहरू विद्यापीठातले समाजशास्त्रज्ञ इम्तियाज अहमद यांनी देशाच्या वेगवेगळ्या भागांतल्या मुस्लिम जमातींवरचे अभ्यास एका ग्रंथात एकत्र आणले. त्यातून दिसतं ते असं: लग्न बिरादरीत होतं, धंदा बऱ्याचदा वारशानं येतो आणि उच्च-नीच मानली जाते. पण हिंदू जातिव्यवस्थेसारखा धर्माचा आधार तिला नाही, आणि सोवळ्या-ओवळ्याचा पगडा कमी आहे. म्हणजे "जात नाही" हेही अपुरं आणि "हुबेहूब तशीच आहे" हेही अपुरं.

आपल्या महाराष्ट्रात बघा. बागवान, तांबोळी, अत्तार, पिंजारी, शिकलगार, खाटीक. नाव घेतलं की धंदा कळतो. मुलाणी तर गावगाड्यातच सामावलेला, त्याच्या कामाबद्दल गाव त्याला धान्य द्यायचं. मालेगाव-भिवंडीचे मोमीन विणकर उत्तरेतून आले. कोकणी मुसलमानांची बोली, जेवण, लग्नाच्या रीती आणखी वेगळ्या. बाहेरचा माणूस या सगळ्यांवर "मुस्लिम समाज" असा एकच शिक्का मारतो. आणि खरं सांगायचं तर आपले पुढारीही सोयीनुसार तोच शिक्का वापरतात. मग पिंजाऱ्याच्या पोराची फी आणि जमीनदार घराण्यातल्या पोराची फी हा एकच प्रश्न होऊन बसतो. तो एक नाही.

आकड्यांबद्दल एक गोष्ट सांगतो, कारण आकड्यांवर आमच्यासारख्यांचा फार विश्वास. राष्ट्रीय नमुना सर्वेक्षणात १९९९-२००० साली ३१.७ टक्के मुस्लिमांची नोंद ओबीसी म्हणून झाली. २००४-०५ साली हाच आकडा ४०.७ टक्के होता, तो सच्चर समितीच्या अहवालात आहे. पाच वर्षांत बिरादऱ्या काही बदलल्या नाहीत. बदल झाला असेल तर याद्यांत, आणि लोक स्वतःला काय म्हणवतात यात. म्हणून आकडा दिसला की दोन प्रश्न विचारायचे: रकाना कुणी आखला? आणि उत्तर देणाऱ्याला त्याची किती माहिती होती?

हे आज का सांगतोय? येत्या जनगणनेत जात विचारली जाईल, असं केंद्र सरकारनं ३० एप्रिल २०२५ रोजी जाहीर केलं. जनगणनेत सगळ्या जातींचे आकडे शेवटचे प्रसिद्ध झाले ते १९३१ साली. प्रगणक दारात येईल तेव्हा आपली माणसं काय सांगतील? कुणी म्हणेल, "मुसलमान, बस्स." कुणी शेख म्हणेल, कारण शाळेच्या दाखल्यावर तेच आहे. कुणाला वाटेल, बिरादरी सांगणं म्हणजे दीनच्या विरोधात जाणं. मला तसं वाटत नाही. समतेची शिकवण मानायची असेल तर विषमता कुठे आहे ते आधी मोजायला हवं. ताप नाही असं म्हटल्यानं ताप उतरत नाही.

तुम्हाला एक काम सुचवतो. आपल्या मोहल्ल्यातल्या वीस घरांत जा. फॉर्म नेऊ नका, वही न्या. नानी-दादींजवळ बसा. लग्नं कुठे ठरली, आजोबा काय काम करायचे, मुलीची शाळा कोणत्या इयत्तेत सुटली आणि का, कर्ज कुणाकडून घेतलं, हे विचारा. परवानगी घेऊनच लिहा, नावं गुप्त ठेवा. ते स्वतःला ज्या नावानं ओळखतात तेच नाव लिहा, तुमच्या मनातलं नाही. जे सांगतात ते एका पानावर, आणि तुम्हाला जे दिसतं ते समोरच्या पानावर.

पुढच्या बैठकीला वह्या घेऊन या. मोर्चाच्या मागण्या त्यातून ठरवू.