रस्त्याचा ठराव नीट वाचा



भंडारा जिल्हा पाचव्या अनुसूचीत नाही, म्हणून आपल्याकडे पेसा नाही. हे खरं हाय. पण त्यावरून जंगलाच्या जमिनीबाबत ग्रामसभेला कोणी विचारायचं नाही म्हणतात, ते खोटं. २००६ चा वनहक्क कायदा इथंही लागू आहे.

त्याच्या कलम ३(२) मध्ये शाळा, दवाखाना, अंगणवाडी, रेशन दुकान, तलाव, रस्ता अशा १३ सोयी आहेत. दर सोयीला १ हेक्टरपेक्षा कमी वनजमीन, हेक्टरी ७५ पेक्षा जास्त झाडं तोडायची नाहीत, आणि ग्रामसभेची शिफारस पाहिजेच. रस्ता आम्हालाही पाहिजे. पावसाळ्यात बाळंतीण खाटेवर कोण नेतो, आपणच ना? पण त्या ठरावात 'व इतर विकासकामे' एवढं घुसलं, की पुढं कोण काय आणेल याचा नेम नाही. खाण, रिसॉर्ट त्या १३ मध्ये बसत नाहीत.

म्हणून ठरावात काम कोणतं, कक्ष क्रमांक किती, जागा किती, झाडं किती, सगळं लिहायचं. निम्मे सभासद पाहिजेत, अन् हजर असलेल्यांत तिसरा हिस्सा बाया. नाहीतर कोरम नाही. घरोघरी फिरणाऱ्या रजिस्टरवर अंगठा द्यायचा नाही. येत्या सभेत ठराव मोठ्यानं वाचून घेऊ, मग सही.